थोरलीचा घाट

एप्रिल महिन्याचा शेवटचा रविवार उजाडला की आमच्या घरी एक लहानसा विधी होतो. आमचा पुतण्या दुपारचे जेवण आटोपून येतो, आमच्या मेजावरचा एक कोरा कागद उचलतो, त्याचे दोन तुकडे करतो आणि त्यांतला एक आमच्यापुढे सरकवतो. मग एकमेकांकडे पाठ करून आम्ही दोघे आपापल्या तुकड्यावर एकेक नाव लिहितो आणि घड्या घालून दोन्ही चिठ्ठ्या फडताळातल्या पितळी डब्यात ठेवून देतो. रात्री आठच्या सुमारास डबा उघडायचा. ज्याचे नाव चुकले असेल त्याने दुसऱ्यास अर्धा डझन हापूस द्यायचे. आमच्या घरच्या मंडळींच्या मते हा शुद्ध जुगार आहे. परंतु आंबे कोणीही जिंकले तरी ते त्यांच्याच हाताने चिरले जातात आणि निम्मे त्यांच्याच वाट्यास येतात, तेव्हा या मताचा फारसा पाठपुरावा त्यांनी आजवर केलेला नाही.

ज्या शर्यतीसाठी हा खटाटोप, ती येथून हजारो मैलांवर, बेल्जम देशाच्या आग्नेय भागात, आर्देन नावाच्या डोंगराळ मुलखात भरते. लिएज शहरातून निघायचे, बास्तोन या लहानशा गावाला वळसा घालायचा आणि लिएजला परत यायचे. अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर, वाहन सायकल आणि मुदत एका दिवसाची. तिचे नावही एसटीच्या पाटीवर शोभावे इतके साधे आहे : लिएज-बास्तोन-लिएज. मात्र तिकडचे लोक तिला लाडाने 'ला दोयेन' म्हणतात. वयाने व मानाने सर्वांत वडील असलेल्या स्त्रीस फ्रेंच भाषेत हा शब्द लावतात. आम्ही आमच्यापुरते त्याचे 'थोरली' असे बारसे करून टाकले आहे. एका दिवसात संपणाऱ्या ज्या पाच शर्यतींना सायकलपटू सर्वांत अधिक मान देतात, त्यांत ही खरोखरच थोरली. तिचा जन्म १८९२ सालचा.

त्या पहिल्या वर्षी हौशी मंडळीच धावली, तीही लिएजहून नव्हे तर जवळच्या स्पा गावाहून. निघाले तेहेतीस, परत आले सतरा. लिएजच्याच लेओं उआ नावाच्या तरुणाने दहा तास अठ्ठेचाळीस मिनिटांत ती वाट पुरी केली आणि पुढच्या दोन्ही वर्षी पुन्हा तोच जिंकला. वळसा बास्तोनलाच का, याचे कारण मोठे गमतीचे आहे. त्या गावापर्यंत आगगाडी जात होती. त्यामुळे स्पर्धक खरोखरच तेथवर आले की अर्ध्या वाटेवरूनच माघारी वळले, हे पाहावयास पंचांना गाडीत बसून आरामात जाता येत होते. म्हणजे सव्वाशेहून अधिक वर्षे जगातले उत्तमोत्तम सायकलपटू ज्या गावाला प्रदक्षिणा घालीत आले, ते गाव मुळात त्यांच्या लबाडीवर नजर ठेवण्याच्या सोयीने निवडलेले होते! मनुष्यस्वभावाची इतकी रोखठोक पारख करून ठेवणाऱ्या त्या संस्थापकांविषयी आम्हांस फार आदर वाटतो. त्या आदरास एक खासगी कारणही आहे. ते पुढे येईल.

आधी वाट पाहू. आर्देनचे डोंगर म्हटले म्हणून वाचकांनी हिमाच्छादित शिखरे डोळ्यांपुढे आणू नयेत. बेल्जममधले सर्वांत उंच ठिकाण ६९४ मीटरचे आहे, म्हणजे आपल्या लोणावळ्याहून थोडेसेच वर. तेथले चढ महाबळेश्वरच्या घाटासारखे लांबलचक नसून एखाददुसऱ्या मैलाचे असतात. पण एक संपतो न संपतो तोच दुसरा पुढे ठाकतो, आणि रस्ता वळणे घेत नम्रपणे वर न जाता भिंतीला शिडी लावावी तसा सरळ वर जातो. असे दिवसभरात चढलेले सारे तुकडे एकावर एक रचले तर उंची चार हजार मीटरच्या वर जाते. खोपोलीहून खंडाळ्याला एका दिवसात आठ वेळा चढून जाण्याइतका हा हिशेब आहे.

जाणे सोपे व येणे कठीण, ही या वाटेची मुख्य खोड. लिएजहून बास्तोनपर्यंतच्या शंभरएक किलोमीटरांत नाव घेण्याजोगे चढ फारसे नाहीत. मंडळी गप्पा मारतात, खातात, ऊन पडले तर अंगावरचे कपडे उतरवितात. दोघेचौघे तरुण पुढे निसटतात आणि त्यांना कोणी अडवीतही नाही. सकाळच्या उसन्या मिनिटांची संध्याकाळी व्याजासह वसुली होते, हे मागच्या अनुभवी मंडळींस ठाऊक असते. मग बास्तोन येते. १९४४ च्या डिसेंबरात जर्मन सैन्याने अमेरिकन फौजेला वेढा घातला तो येथेच. गावच्या चौकात त्या लढाईतला एक रणगाडा अजून ठेवलेला आहे.

परतीची वाट दीडशे किलोमीटरांची, आणि दिवसाचे जवळजवळ सारे चढ तिच्यातच कोंबलेले. उफालीझ गावात सँ-रोश नावाचा किलोमीटरभराचा चढ घरांच्या मधूनच उभा सुटतो; शंभर मीटर पुढे जाताना अकरा मीटर वर जावे लागते. पुढे स्ताव्हलोजवळ स्तोकचा चढ आहे. दरवर्षी मार्ग थोडाफार बदलत असल्याने तो कधी असतो, कधी नसतो. पण त्याच्या माथ्यावर एदी मर्क्सच्या नावाचा स्मारकस्तंभ मात्र कायमचा उभा आहे. मर्क्सने ही शर्यत १९६९ ते १९७५ या काळात पाच वेळा जिंकली. नंतर रोझिए : चार किलोमीटरांहून लांब, पण मनाने सौम्य. आणि मग रमूशाँ गावाजवळचा तो प्रसिद्ध ला रदूत.

'रदूत' म्हणजे गढी किंवा मोर्चा. १७९४ साली फ्रेंच आणि ऑस्ट्रियन सैन्यांची येथे झुंज झाली, तिची आठवण या नावात राहिली आहे. चढ दोनच किलोमीटरांचा. शेजारून मोटारींचा हमरस्ता घोंघावत जातो. शोभा म्हणावी तर काही नाही. परंतु सव्वादोनशे किलोमीटर तुडवून आलेल्या पायांना येथे शंभराला सरासरी नऊ मीटर चढावे लागते आणि मध्ये एका ठिकाणी रस्ता याच्या जवळजवळ दुप्पट उभा होतो. दोन्ही बाजूंना माणसांची भिंत, आणि पायाखालच्या डांबरावर पांढऱ्या रंगाने पुनःपुन्हा लिहिलेले एकच नाव : 'फिल'. हा फिल म्हणजे फिलिप जिल्बेर. तो याच चढाच्या पायथ्याशी लहानाचा मोठा झाला. २०११ साली शेवटच्या टप्प्यात त्याच्यासोबत दोघे उरले, आणि ते दोघे सख्खे भाऊ, लक्झेम्बुर्गचे फ्रँक व आंडी श्लेक. एकाविरुद्ध दोन भाऊ म्हणजे हार ठरलेली, असे शहाण्यांचे गणित होते. जिल्बेरने दोघांनाही मागे टाकले. आपल्या अंगणातल्या डोंगरावर ज्याचे नाव लिहिलेले आहे त्याला गणित शिकवू नये.

रदूत संपला की शेवटचा मोठा चढ रोश-ओ-फोकाँ, म्हणजे ससाण्यांचा कडा. हा २००८ पासून मार्गात आला. तेथून लिएजची उतरण. १९९२ ते २०१८ पर्यंत शर्यत शहराबाहेरच्या आन्स नावाच्या वस्तीत, चढावरच संपत असे. २०१९ पासून ती पुन्हा शहरात, सपाटीवर संपते. आन्सची ती पडेल वस्ती दिसावयास काही सुंदर नव्हती, आणि शेवटी चढ आहेच म्हणून तोवर सारे जण हात राखून चालत. बदल झाला तो बरा झाला, असे आमचे मत आहे. पुतण्याचे मत निराळे होते, पण आता तोही या बाबतीत बोलत नाही.

आता चिठ्ठीवरच्या नावाविषयी. युरोपातली वर्तमानपत्रे शर्यतीच्या आधी संभाव्य विजेत्यांची यादी छापतात आणि प्रत्येकाच्या नावापुढे तारे काढतात : कोणाला पाच, कोणाला चार, कोणाला एक. आपल्याकडे वधूवरांचे गुण जुळवितात, त्यातलाच हा प्रकार. छत्तीसपैकी चौतीस गुण जुळूनही संसार कसा होतो ते ज्याचे त्याला माहीत! तरी या यादीला आधार असतो. आधीच्या रविवारी हॉलंडात आणि मधल्या बुधवारी आर्देनमध्येच अशाच डोंगराळ शर्यती होतात; तेथे कोणाचे पाय हलके पडले हे सर्वांना दिसलेले असते. शिवाय सायकलीच्या शर्यतीचा एक मूलभूत नियम वाऱ्याशी निगडित आहे. पुढच्याच्या पाठीआड राहणाऱ्याचे श्रम सुमारे एक-तृतीयांशाने वाचतात. 'गाड्याबरोबर नळ्याची यात्रा' ही आपली म्हण या खेळाला जितकी लागू पडते तितकी अन्यत्र क्वचितच पडत असेल. म्हणूनच मुख्य वीराभोवती सहा-सात साथीदार नेमलेले असतात. वारा त्यांनी खायचा, पाणी त्यांनी आणायचे, आणि अखेर नाव मात्र त्याचे व्हायचे. परंतु चढ लागला की वेग उतरतो, वाऱ्याचा जोर कमी होतो आणि पाठीआडचा आश्रय नाममात्र उरतो. तेथे प्रत्येकाला स्वतःचे वजन स्वतःच वाहावे लागते. सपाटीवर नळा आणि गाडा सारखेच धावतात. घाटात कोण कोण आहे ते कळते.

इतके असूनही यादी चुकतेच. १९८७ साली अखेरच्या किलोमीटरात दोघेच पुढे होते, आयर्लंडचा स्टीफन रोश आणि वालून प्रांताचा लाडका क्लोद क्रिकेलियों. दोघांपैकी एक जिंकणार हे नक्की. पण आधी जोर कोणी काढायचा? दोघे एकमेकांकडे पाहत इतके रेंगाळले की मागून मोरेनो अर्जेंतिन हा इटालियन आला आणि दोघांच्या नाकासमोरून निघून गेला. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात. येथे तर भांडणही नव्हते, नुसता संकोच होता. क्रिकेलियोंने पुढे कितीही धडपड केली तरी ही घरची शर्यत त्याच्या हाती कधीच लागली नाही. दोनदा दुसरा, एकदा तिसरा. २०२० साली, साथीच्या रोगामुळे ऑक्टोबरात गेलेल्या शर्यतीत, ज्युलियाँ आलाफिलिपने रेषेच्या अलीकडेच दोन्ही हात उंच करून विजय साजरा केला आणि तेवढ्या क्षणात प्रिमोझ रोग्लिचने चाक पुढे घातले. बाजारात तुरी म्हणतात ती हीच. आलाफिलिपने त्या धावपळीत दुसऱ्यांची वाट अडविली होती, म्हणून त्याला पाचव्या क्रमांकावर ढकलण्यात आले ते निराळेच.

परंतु या सर्व कथांत आम्ही पुनःपुन्हा जिकडे वळतो ती कथा १९८० ची. त्या वर्षीच्या २० एप्रिलला १७४ जण लिएजहून निघाले आणि थोड्याच वेळात बर्फ पडू लागले. बर्फ म्हणजे चित्रातले नव्हे. डोळे उघडू न देणारे, हातापायांची जाणीव घालविणारे. बास्तोन येण्याच्या आतच शंभराहून अधिक जण सायकली टाकून ऊबदार खोल्यांत परतले होते. फ्रान्सचा बेर्नार इनो त्या वेळी संभाव्य विजेत्यांत अग्रभागी होता. तांबडी कानटोपी घालून तोही कुरकुरतच चालला होता. पुढे व्हियेल्साल्मपाशी त्याच्या संघाचे चालक गिमार मोटारीतून शेजारी आले आणि शर्यत आता सुरू होते आहे, अंगावरचे पावसाळी आवरण काढ, असे त्यांनी त्यास सांगितले. ते काढून ठेवल्यावर ऊब मिळविण्याचा मार्ग एकच उरला : जोराने पायडल मारणे. सुमारे ऐंशी किलोमीटर बाकी असताना तो एकटा पुढे गेला, मागे वळून त्याने पाहिले नाही, आणि लिएजला पोचला तेव्हा दुसरा मनुष्य नऊ मिनिटांहून अधिक मागे होता. त्याच्या उजव्या हाताची बोटे पूर्ववत चालावयास तीन आठवडे लागले आणि पुढेही थंडीत ती त्याला छळीत राहिली. शर्यत पुरी केली ती अवघ्या एकवीस जणांनी.

ही कथा सांगताना लोक इनोवर थांबतात. आमचे मन मात्र १७४ मधून २१ वजा करीत बसते. त्या एकशे त्रेपन्न जणांना कोणी नावे ठेवीत नाही, आणि ठेवूही नयेत. ते उतरले, 'आम्ही उतरलो' असे म्हणाले, आणि मोकळे झाले.

हे विशेषतः आठवण्याचे कारण २०२५ च्या शेवटच्या रविवारी घडले. २७ एप्रिलचा दिवस. अक्षय्य तृतीया तीन दिवसांवर आली होती आणि तोवर आंबा तोंडात घालायचा नाही हा आमच्या घरचा दंडक असल्याने पैजेची फेड आपोआपच बुधवारपर्यंत लांबणार होती. पुतण्याने चिठ्ठ्या फाडल्या. त्या वर्षी यादीत खरी नावे दोनच. एक स्लोव्हेनियाचा तादेय पोगाचार, २०२१ आणि २०२४ चा विजेता. दुसरा बेल्जमचा रेम्को एव्हेनेपूल, २०२२ आणि २०२३ चा. गंमत अशी की या दोघांची थोरलीच्या अंगणात खरी गाठ कधी पडलीच नव्हती. २०२२ साली पोगाचार ऐन वेळी शर्यतीतून बाजूला झाला. २०२३ साली तो वाटेत पडून मनगट मोडून बसला. २०२४ साली एव्हेनेपूल आधीच्या एका शर्यतीत पडून जायबंदी झालेला. आता प्रथमच दोघे धडधाकट अवस्थेत रदूतच्या पायथ्याशी येणार होते.

चिठ्ठ्या डब्यात गेल्या आणि आम्ही पडद्यासमोर बसलो. पुतणी स्त्रियांच्या शर्यतीकडे लक्ष ठेवून होती. ही शर्यत २०१७ पासून त्याच दिवशी होते आणि बास्तोनहून निघून लिएजला येते. त्या दिवशी ती मॉरिशसच्या किम ल कोर्टने जिंकली. गेल्या शतकाच्याही आधीपासून मराठी कुटुंबे ज्या बेटावर नांदत आहेत तेथली मुलगी आर्देनमध्ये पहिली आली, याचा आमच्या पुतणीला असा काही आनंद झाला की जणू ती आमच्या पेठेतलीच!

पुरुषांची शर्यत त्या वेळी उतरणीवर होती, आणि बोलण्यास सवड होती. पुतण्याने सहज विषय काढला. त्याने नुकतीच एक उत्तम सायकल घेतली होती, आणि पुढच्या हिवाळ्यात मुंबईहून पुण्याला जाण्याचा त्याचा बेत होता. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत घाट सर्वांच्या आधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात, हे आम्हीच त्याला लहानपणी सांगितलेले.

"काका," तो म्हणाला, "गिअर नसलेल्या सायकलवर तुम्ही न उतरता बोरघाट चढलात. मला निदान एवढे तरी सांगा, शिंग्रोबाच्या वर श्वास कसा सांभाळलात?"

याच वेळी पडद्यावर रदूत सुरू झाला, ही आमच्यावर झालेली कृपा. कोणीतरी फटाका पेटवावा तसा पोगाचार तांड्यातून निघाला. एव्हेनेपूल कोठे आहे म्हणून पुतण्या पडद्याच्या जवळ सरकला. तो फार मागे अडकला होता. शेवट यायला अजून पस्तीसएक किलोमीटर होते, पण निकाल तेथेच लागला. पोगाचार एकटाच लिएजला आला, दुसऱ्याहून मिनिटाच्या वर आधी. डबा उघडला. आमच्या चिठ्ठीवर पोगाचार, त्याच्या चिठ्ठीवर एव्हेनेपूल. आंबे आम्ही जिंकले. परंतु ज्याचे नाव शेंबडे पोरही सांगू शकले असते ते लिहून जिंकण्यात भूषण ते कसले? आमचे लक्ष त्यानंतरच्या चित्रांकडे होते. दोनदा जिंकलेला तो एव्हेनेपूल, आपल्याच देशातल्या लोकांसमोर, एकोणसाठावा आला. बाजूला होऊन त्याला संघाच्या गाडीत बसता आले असते. तो बसला नाही. एकोणसाठावा तर एकोणसाठावा, पण रेषेपर्यंत आला.

"काका, श्वासाचे राहिले," पुतण्या म्हणाला.

आम्ही त्याला उत्तर देण्याऐवजी १९५७ ची गोष्ट सांगू लागलो. त्या वर्षीही हवा अशीच भयंकर होती. जेर्मेन देरायक नावाचा बेल्जन गडी पहिला आला, पण वाटेत आगगाडीचे फाटक बंद असताना तो ते ओलांडून गेला होता. नियमाप्रमाणे त्याला बाद करावयास हवे. पंचांनी विचार केला की याने फाटकापाशी वाचविलेला वेळ थोडा आणि अखेरीस मिळविलेली आघाडी मिनिटांची. मग त्याचा पहिला क्रमांक त्यांनी तसाच ठेवला, आणि दुसरा आलेला फ्रान्स स्खूबेन यालाही पहिलाच ठरविले. थोरलीच्या वंशावळीत त्या एका वर्षापुढे दोन नावे आहेत.

"छान," पुतण्या म्हणाला. "पण याचा बोरघाटाशी काय संबंध?"

संबंध होता. १९८० च्या डिसेंबरात आम्ही कॉलेजातल्या तीन मित्रांसह दादरहून पहाटे निघालो. इनो कोण हे आम्हांस त्या वेळी ठाऊक नव्हते; त्याचे आणि आमचे वर्ष एकच होते, हे फार पुढे ध्यानात आले. सायकली काळ्या, वजनदार, पुढे घंटा नि मागे कॅरिअर असलेल्या. खोपोलीपर्यंत ठीक चालले. शिंग्रोबाच्या देवळापाशी मित्र थांबले. इंग्रजांना घाटाची वाट दाखविणाऱ्या धनगराचे ते ठाणे, अशी आख्यायिका आहे. जाणारायेणारा तेथे नाणे टाकतो. आम्ही सर्वांत मंद, म्हणून न थांबता पुढे निघालो. दोन वळणे झाली आणि पाय संपले. उतरावे, असे मनात येऊन एक पाय काढलाही होता, इतक्यात मालाने भरलेला एक ट्रक पहिल्या गिअरात कण्हत शेजारून जाऊ लागला. त्याच्या फाळक्याची साखळी लोंबत होती. आम्ही ती धरली. वरून क्लीनरने पाहिले, हसला, आणि काही बोलला नाही. खंडाळ्याच्या अलीकडे, अमृतांजन पुलाच्या आसपास, आम्ही ती साखळी सोडली आणि चहाच्या टपरीवर जाऊन बसलो. तळहाताला पडलेला साखळीचा वळ मिटेपर्यंत पेला दोन्ही हातांनी धरून ठेवला होता, हे अजून आठवते.

तासाभराने मित्र सायकली ढकलीत आले. "न उतरता चढलास?" त्यांनी विचारले. "न उतरता," आम्ही म्हणालो. शब्दाने ते खरे होते; पाय खरोखरच जमिनीला लागला नव्हता. धर्मराजाने 'नरो वा कुंजरो वा' म्हटले तेव्हा त्याचा रथ चार बोटे खाली आला म्हणतात. आमची सायकल मुळातच जमिनीवर असल्याने कोणाच्या काही लक्षात आले नाही. मित्रांनी ती गोष्ट घरी सांगितली, घरच्यांनी पाहुण्यांना सांगितली, लग्नाच्या बैठकीतदेखील ती निघाली. पंचेचाळीस वर्षांत आम्ही ती एकदाही स्वतः होऊन सांगितली नाही आणि एकदाही खोडली नाही. या खेळाच्या इतिहासात निषिद्ध औषधे घेणाऱ्यांची प्रकरणे निघत, तेव्हा घरातले सारे संतापून बोलत. आम्ही मात्र अशा वेळी वर्तमानपत्राचे दुसरे पान उघडीत असू. तो अमृतांजन पूलदेखील २०२० साली पाडला गेला, तेव्हा साक्षीदार म्हणून कोणी उरला नव्हता.

हे सर्व त्या रात्री आम्ही पुतण्याला सांगितले. मनातली भीती अशी की तो हसेल. त्याहून मोठी भीती अशी की तो हसणार नाही. तो मुलगा याच गोष्टीवर वाढला होता. नवी सायकल त्याने कशाच्या जोरावर घेतली, हे आम्हांस ठाऊक होते.

तो बराच वेळ गप्प राहिला. मग त्याने विचारले, "साखळी नेमकी कोठे धरलीत?"

"शिंग्रोबाच्या वर, दुसऱ्या वळणावर."

"म्हणजे तिथवर तुम्ही खरेच चढला होतात?"

"तिथवर खरेच."

"त्या काळ्या सायकलवर?"

"त्याच."

त्याने आपल्या दूरध्वनीवर घाटाचा नकाशा काढला आणि ते वळण बोटाने मोठे करून पाहिले. "मग येथून वरचा तेवढा तुमचा राहिला आहे," तो म्हणाला, आणि उठून घरी गेला. त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही. तो रागावला की काय, हे त्याच्या आवाजावरून ठरविता येत नव्हते.

बुधवारी सकाळी तो आला. पिशवीत सहा हापूस होते. त्याने ते देवापुढे ठेवले, नैवेद्य झाल्यावर बाहेर आणले, तीन आमच्यापुढे मांडले आणि तीन स्वतःकडे ओढून घेतले.

"हे काय? पैज तर काकांनी जिंकली," घरच्या मंडळींनी विळी पुढे घेत विचारले.

"एकोणीसशे सत्तावन्न," तो म्हणाला.

"सत्तावन्न काय?"

पुतण्या आमच्याकडे पाहू लागला. लग्नाच्या बैठकीत ती घाटाची गोष्ट ज्यांनी ऐकली होती, त्यांपैकी एक श्रोता विळीवर बसलेला होता. "सांगतो," आम्ही म्हणालो, "आधी आंबा चिरा."